जॅझ आलं कुठून? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि माझी लांबलचक उत्तरं

मी पेटी शिकलेला माणूस, घरात नाट्यगीतं आणि भीमसेन जोशी, त्यात मधेच हे जॅझचं वेड लागलं. तेव्हापासून नातेवाईक, ऑफिसमधले, सोसायटीतले, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. दरवेळी चहा गार होईपर्यंत बोलत बसतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलंय.

जॅझ म्हणजे नक्की काय? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात जरा अवघडच आहे पण बघू. ठरलेली चाल आणि ठरलेल्या कॉर्ड्सचं (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेली तीन-चार सुरांची जुडी) आवर्तन धरून वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे नवीन काहीतरी रचायचं, आणि रचताना ताल असा झुलवायचा की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलला पाहिजे. यमन सगळेच गातात पण किशोरीताईंचा यमन वेगळा नि भीमसेनजींचा वेगळा, तसंच इथे, गाणं एकच असतं, लोक ऐकायला येतात ते आज हा माणूस त्याचं काय करतो ते.

हे न्यू ऑर्लिन्सलाच का जन्मलं? न्यूयॉर्कला का नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांब होणार, आधीच सांगतो.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या तोंडाशी वसलेलं बंदर. आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं, परत फ्रेंचांचं, आणि १८०३ मध्ये अमेरिकेने अख्खं लुइझियाना विकत घेतलं तेव्हा अमेरिकेचं. म्हणजे कॅथलिक शहर, कार्निव्हल, ऑपेरा, नाच, मिरवणुका, कशालाही बँड लागणारच. त्यात हैतीच्या क्रांतीनंतर तिथून पळालेले हजारो लोक क्युबामार्गे १८०९ च्या सुमारास इथे येऊन पडले, गोरे, मोकळे काळे आणि गुलाम असे तिन्ही प्रकारचे, आणि येताना कॅरिबियन ताल घेऊन आले.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेच्या इंग्रजी वसाहतींमध्ये मालकांना ढोलाची भीती वाटायची. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये गुलामांनी बंड केलं आणि पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांना ढोल वाजवायला बंदी घातली, कारण ढोलावरून निरोप जातात हे मालकांच्या लक्षात आलं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र फ्रेंच काळापासून रविवारची सुट्टी होती आणि त्या दिवशी गुलाम एकत्र जमून नाचायचे, गायचे, ढोल वाजवायचे. १८१७ मध्ये शहराने हुकूम काढला की जमायचं तर एकाच ठरलेल्या जागी जमा, तीच जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. मोकळीक वगैरे काही नव्हती हो, नजरेखाली ठेवायची सोय होती. पण त्या मैदानात आफ्रिकेचे ताल अशा माणसांच्या हातात जिवंत राहिले ज्यांच्या आजूबाजूलाच फ्रेंच नाचगाणी आणि चर्चचं संगीत चालू होतं. बाकी अमेरिकेत या दोन गोष्टी इतक्या जवळ इतकी वर्षं राहिल्या नाहीत.

म्हणजे काँगो स्क्वेअरमध्येच जॅझ सुरू झालं?

नाही, एवढी सरळ रेष काढू नका. तिथले रविवारचे जमाव यादवी युद्धाच्या आधीच बंद पडत गेले होते आणि जॅझ त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी आलं. पण काही सवयी टिकल्या. उदाहरणार्थ एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आपल्याकडे शाहीर ओळ टाकतो आणि मागून झीलकरी "जी जी रं जी" करतात ना, अगदी तोच प्रकार. शेतात काम करताना, चर्चमध्ये प्रार्थना करताना, सगळीकडे ही सवाल-जवाबाची पद्धत राहिली, आणि जॅझमध्ये ट्रम्पेट काहीतरी म्हणतो आणि क्लॅरिनेट त्याला उलट उत्तर देतो ते तिथूनच आलंय.

क्रिओल लोकांचा काय संबंध?

खूप मोठा संबंध आहे आणि ही गोष्ट जरा कडू आहे. शहरात फ्रेंच बोलणारा, मिश्र वंशाचा असा एक वर्ग होता, गुलामगिरी असतानाही स्वतंत्र असलेला. त्यातले बरेच कारागीर, व्यापारी, मुलांना क्लॅरिनेट नि व्हायोलिन रीतसर नोटेशनवरून शिकवणारे. कॅनाल स्ट्रीटच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला शेतमजुरीतून शहरात आलेले गरीब काळे लोक, जे कानाने वाजवायचे. दोघांचं फार येणंजाणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर क्रिओल मंडळी यांना कमीच लेखायची.

मग १८९० मध्ये लुइझियानात रेल्वेचे डबे वंशानुसार वेगळे करायचा कायदा आला. होमर प्लेसी नावाच्या न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल माणसाने मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसून त्याला आव्हान दिलं, आणि १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या विरोधात दिला. झालं, कायद्याच्या नजरेत सगळे एकाच रांगेत. क्रिओल वादकांची चांगली कामं गेली, पोटासाठी पलीकडच्यांच्या बँडमध्ये बसावं लागलं. एकाकडे वाचन नि बोटांची तयारी, दुसऱ्याकडे ब्लूजचा सूर आणि मोकळेपणा. मला तर वाटतं जॅझच्या जन्माचं एकच कारण सांगायचं झालं तर हे सांगावं, की अपमान झाला म्हणून दोन प्रकारचे वादक एका स्टेजवर आले. कायदा करणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नसेल.

अंत्ययात्रेत बँड वाजवतात ते खरं आहे का?

खरं आहे, अजूनही वाजवतात. तिकडे गरीब वस्त्यांमध्ये वर्गणीची मंडळं असायची, महिन्याला थोडे पैसे भरायचे, आजारपणात मदत आणि मेल्यावर इतमामाने अंत्यविधी, बँडसकट. दफनभूमीकडे जाताना संथ, रडवेल्या चालीत भजनं, आणि माणसाला निरोप देऊन परतताना एकदम उडती चाल, मागून रस्त्यावरचे लोक छत्र्या नाचवत सामील. या मागच्या गर्दीला सेकंड लाइन म्हणतात. आपल्याकडच्या वरातीतला ब्रास बँड डोळ्यासमोर आणा, तीच वाद्यं, तसाच पितळी झगझगाट, आणि दोन्हीकडे मूळ एकच, युरोपियन लष्करी बँड.

रस्त्यावर चालताना मोठा ड्रम एकाकडे आणि छोटा दुसऱ्याकडे असायचा. बँड हॉलमध्ये बसून वाजवायला लागले तेव्हा मोठ्या ड्रमला पायाचं पेडल आलं आणि दोघांचं काम एकाच माणसावर आलं. आज जो ड्रमसेट आपण बघतो तो असा जॅझबरोबरच मोठा झालाय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ब्लूज, रॅगटाइम आणि जॅझ एकच ना?

नाही नाही. रॅगटाइम म्हणजे लिहिलेलं पियानोचं संगीत, डावा हात घड्याळासारखा सरळ नि उजवा हात त्याच्या मधेमधे पाय अडकवतो. स्कॉट जॉप्लिनचा मेपल लीफ रॅग १८९९ मध्ये छापला गेला आणि तुफान खपला. त्यात आयत्या वेळचं रचणं जवळजवळ नाहीच.

ब्लूजचं तसं नाही. तो मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यातून, आजूबाजूच्या गावांतून आला, एका माणसाचं गाऱ्हाणं. नेहमीचा साचा बारा मात्रांचा म्हणतात पण आपल्या हिशोबाने मात्रा नव्हेत हां, बारा बार, प्रत्येक बारात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचं आवर्तन. षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर उभ्या केलेल्या तीन कॉर्ड्स, पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं. आणि ब्लूजचा जो खास सूर तो शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधे कुठेतरी असतो. गळ्याला, गिटारला ते जमतं, पियानोला जमत नाही कारण पट्ट्या ठरलेल्या, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम चिरडतात! पेटीवर मींड घ्यायची म्हटलं की आमची जी तारांबळ उडते तीच त्यांची. फक्त त्यांनी त्या अडचणीची स्टाइल करून टाकली आणि आम्ही अजून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती तेच उगाळत बसतो.

जॅझने रॅगटाइमचा अडखळता ताल घेतला, ब्लूजचा गळा घेतला, ब्रास बँडची वाद्यं घेतली.

जॅझचा शोध कोणी लावला?

जेली रोल मॉर्टन नावाचा एक अफाट पियानोवादक होता, क्रिओल, समोरच्या दातात हिरा बसवलेला. तो छातीठोकपणे सांगायचा की १९०२ मध्ये मीच जॅझ शोधलं. अर्थातच थाप आहे. पण त्याने एक गोष्ट फार नेमकी सांगितली, की सुरांना थोडी स्पॅनिश छटा दिल्याशिवाय जॅझला चव येत नाही, म्हणजे तेच क्युबा-हैतीकडचे ताल.

एकच नाव हवं असेल तर लोक बडी बोल्डनचं घेतात. कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) वाजवायचा, १९०० च्या आसपास शहरात त्याच्या नावाचा दबदबा, आवाज इतका मोठा की मैलोन् मैल ऐकू यायचा अशा आख्यायिका. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात भरती केलं आणि १९३१ मध्ये तिथेच तो गेला. त्याची एकही रेकॉर्ड आज हाती नाही. ज्याच्यापासून सगळं सुरू झालं असं म्हणतात त्याचा एकही सूर कोणाला ऐकता येत नाही, तानसेनासारखंच, सगळं ऐकीव.

'जॅझ' हा शब्द कुठला?

गंमत म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा नाही. छापील पुरावा सापडतो तो कॅलिफोर्नियात १९१२-१३ मध्ये, आणि तोही बेसबॉलच्या बातम्यांमध्ये! जोश, दम, अशा अर्थाने. संगीताला तो चिकटला १९१५ च्या सुमारास शिकागोत. सुरुवातीला स्पेलिंगसुद्धा वेगळं होतं, 'जास' असं. ड्यूक एलिंग्टनसारख्या कित्येक मोठ्या लोकांना हा शब्द कधीच फारसा आवडला नाही.

पहिली जॅझ रेकॉर्ड कोणाची?

२६ फेब्रुवारी १९१७, न्यूयॉर्क, व्हिक्टर कंपनी, ओरिजिनल डिक्सीलँड जास बँड. पाचही जण गोरे, न्यू ऑर्लिन्सचेच. रेकॉर्डवर क्लॅरिनेटमधून कोंबडा आरवतो, कॉर्नेटमधून घोडा खिंकाळतो, असला सगळा माकडचाळा, पण खपली प्रचंड. त्यांचा म्होरक्या निक लारोका पुढे म्हणायला लागला की जॅझ गोऱ्यांनीच शोधलं. काय बोलणार.

फ्रेडी केपार्ड नावाच्या काळ्या कॉर्नेटवादकाला त्याआधीच रेकॉर्डिंगसाठी विचारलं होतं पण आपली चीज लोक चोरतील म्हणून त्याने नाही म्हटलं, असा किस्सा सांगतात. वाजवताना बोटं दिसू नयेत म्हणून हातावर रुमाल टाकायचा म्हणे. आपल्या जुन्या खाँसाहेबांच्या अस्ताया लपवण्याच्या गोष्टी ऐकल्या असतील तर यात नवल वाटणार नाही.

लुई आर्मस्ट्राँगचं एवढं कौतुक का? मला तर तो घोगऱ्या आवाजात गाणारा हसरा म्हातारा वाटतो.

सगळ्यांचं हेच होतं, कारण आपण त्याला शेवटाकडून बघतो. सुरुवातीकडून बघा. १९०१ चा जन्म, अत्यंत गरीब वस्ती, लहानपणी एका ज्यू कुटुंबाच्या भंगार नि कोळशाच्या गाडीवर काम. १९१२ च्या शेवटच्या रात्री हवेत पिस्तुल उडवलं म्हणून पोलिसांनी पकडून मुलांच्या सुधारगृहात टाकलं आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट हातात पक्कं बसलं.

दक्षिणेतले काळे लोक तेव्हा लाखांनी उत्तरेकडे जात होते, कारखान्यात काम होतं आणि जाच जरा कमी. वादकही त्यांच्या मागे. जो 'किंग' ऑलिव्हर शिकागोला गेला आणि १९२२ मध्ये त्याने आर्मस्ट्राँगला बोलावून घेतलं. १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंडला रेकॉर्डिंग झालं, स्टुडिओ रेल्वे रुळाला लागून, गाडी आली की काम थांबवायचं. तेव्हा माइक नव्हते, एका मोठ्या भोंग्यासमोर सगळ्यांनी उभं राहायचं, आणि आर्मस्ट्राँगचा आवाज सगळ्यांना खाऊन टाकायला लागला म्हणून त्याला पार मागे कोपऱ्यात उभं केलं. बँडची पियानोवादक लिल हार्डिन ही गोष्ट सांगायची, बिचारा तिकडे लांब उदास उभा होता म्हणायची. पुढच्या वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं आणि हिनेच त्याच्या मागे लागून ऑलिव्हरचा बँड सोडायला लावला. तू दुसऱ्या नंबरचा ट्रम्पेटवाला म्हणून राहू नकोस, असं. जॅझने या बाईचे आभार मानले पाहिजेत.

१९२५ ते २८ मधल्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हनच्या रेकॉर्ड्सनी काय बदललं तर, तोपर्यंत जॅझ म्हणजे सगळ्यांनी एकदम गुंफून वाजवायचं, दिंडीत सगळे एकत्र म्हणतात तसं. आर्मस्ट्राँगने एकट्याचा सोलो हा मुख्य केला. १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' लावा आणि फक्त पहिली दहा-पंधरा सेकंद ऐका, साथ नाही, ठेका नाही, एकटा ट्रम्पेट. माझ्या एका तबलजी मित्राला ऐकवली, तो इतकंच म्हणाला, "परत लाव."

स्विंग स्विंग म्हणतात ते काय?

दोन अर्थ आहेत. एक म्हणजे झुलवणं. एका ठोक्याचे दोन सारखे भाग करायच्याऐवजी पहिला लांब, दुसरा आखूड, आणि जोर पहिल्या-तिसऱ्याऐवजी दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर. लिहून कळत नाही. ठेका भरणं आणि ठेका धरून बसणं यातला फरक चांगल्या तबलजीला माहीत असतो, तसलंच आहे.

दुसरा अर्थ म्हणजे काळ, साधारण १९३५ ते ४५, मोठे बँड, पंधरा-सोळा वादक, नाचायला हॉल भरून तरुण पोरं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये १९२७ पासून एलिंग्टनचा बँड होता, वादक काळे, नाचणाऱ्या काळ्या, गिऱ्हाईक मात्र फक्त गोरं, अशी तिथली रीत. पण तिथून रेडिओवर प्रक्षेपण व्हायचं त्यामुळे एलिंग्टन देशभर पोचला. २१ ऑगस्ट १९३५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनचा कार्यक्रम एकदम पेटला, त्या तारखेपासून स्विंगचा जमाना मोजतात. गुडमन गोरा होता आणि त्याच्या बऱ्याच भारी चीजा लिहून दिल्या होत्या फ्लेचर हेंडरसन या काळ्या संगीतकाराने. गुडमनने निदान काळे वादक सोबत घेऊन स्टेजवर बसवले, ते त्या काळात सोपं नव्हतं.

दारूबंदीमुळे जॅझ वाढलं असं ऐकलंय, कसं काय?

अमेरिकेत १९२० ते ३३ दारूबंदी. दारू चोरून मिळायला लागली, चोरट्या अड्ड्यांवर गिऱ्हाईक बसवून ठेवायला बँड हवा, मालक गुंड असले तरी वादकाला काम रोजचं.

आणि आता मुंबईची गंमत बघा, अगदी उलटी. इथे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हॉटेलांचे नाचाचे हॉल ओस पडायला लागले, बँड परवडेनात आणि जॅझ वाजवणारे गोवेकर वादक जास्त करून सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. एकाच उपायाने तिकडे जॅझ क्लबात भरलं आणि इकडे क्लबातून निघून हिंदी गाण्यात शिरलं.

थांबा, मुंबईत एवढं जॅझ होतं?

होतं म्हणजे काय! १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलमध्ये आला. मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक, आशियाभर फिरला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला.

यांच्याबरोबर आणि यांच्यामागून वाजवणारे आपले गोव्याचे. पोर्तुगीज राजवटीत गावोगावच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, म्हणजे शेतकऱ्याचं पोरही स्वरलिपी वाचायचं. नोकरीसाठी मुंबईला यायचे, धोबीतलावला आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत राहायचे. अल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रम्पेट वाजवायचा, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या अलबेलात जो स्विंग आणला त्यात चिक चॉकलेटचा मोठा हात, 'शोला जो भडके'मध्ये तो बँडसकट पडद्यावरच दिसतो. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, अरेंजर ती शंभर वादकांसाठी कागदावर मांडणार, असं ते काम चालायचं आणि ते अरेंजर बहुतेक गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा घ्या, अँथनी गोन्साल्विस घ्या, हे गोन्साल्विस प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. पडद्यावर नाव मात्र यायचं नाही. ज्या गाण्यांवर आपली आईबाबांची पिढी वेडी झाली त्यात वाजणारा ट्रम्पेट कोणाचा हे आपण कधी विचारलंच नाही, मीही विचारलं नव्हतं.

क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोंकणी गाणी ऐका, शब्द कळायला मराठी माणसाला त्रास होत नाही आणि मागे अस्सल जॅझचा बँड आहे.

बीबॉप म्हणजे काय? ऐकलं तर डोकं दुखतं.

दुखणारच, मुद्दाम तसं केलंय असं समजा. मोठ्या बँडमध्ये रोज तेच तेच वाजवून कंटाळलेले तरुण वादक रात्री काम संपल्यावर हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये जमायचे. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक, ड्रमवर केनी क्लार्क. लय अशी की नाचणाऱ्याचा पाय मोडेल आणि कॉर्ड्स अशा की ऐऱ्यागैऱ्याला स्टेजवर चढता येऊ नये. त्यात १९४२ ते ४४ वादकांच्या युनियनचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार, त्यामुळे हे सगळं शिजत होतं तेव्हाचं रेकॉर्डिंग फारसं नाहीच, लोकांना एकदम तयार पदार्थ ऐकायला मिळाला आणि झटका बसला. वर युद्धकाळात नाचाच्या जागांवर जबर कर लागला, मग छोटे क्लब, चार-पाच वादक, लोक खुर्चीत बसून ऐकणार. जॅझ नाचायचं होतं ते ऐकायचं झालं ते इथे.

एक आतली गोष्ट. चालीवर कॉपीराइट असतो पण कॉर्ड्सच्या क्रमावर नाही, म्हणून हे लोक लोकप्रिय गाण्याच्या कॉर्ड्स उचलून त्यावर नवी चाल बसवायचे. राग तोच, बंदिश नवीन, आणि पैसे आपल्या खिशात.

पार्कर १९५५ मध्ये गेला, हेरॉइन आणि दारू. वय ३४, तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशीच्या पुढचा वाटला होता.

१९५९ ला एवढं महत्त्व का देतात?

एका वर्षात काय काय झालं ते बघा. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम रेकॉर्ड केला, मार्च आणि एप्रिलमध्ये मिळून फक्त दोन दिवस. धडाधड कॉर्ड्स बदलायच्याऐवजी एकेका स्वरसप्तकावर आरामात थांबायचं, वादकांच्या हातात फक्त जुजबी टिपणं. आपल्या कानाला हा अल्बम लगेच जवळचा वाटतो आणि कारण तेच. त्याच वर्षी डेव्ह ब्रूबेकच्या ग्रुपचा पाच मात्रांचा 'टेक फाइव्ह', रचना सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडची. तीन अधिक दोन असं मोजा, झपतालाची ओळख असलेल्याला काहीच जड जाणार नाही, तिकडे मात्र लोक तोंडात बोटं घालत होते. ब्रूबेक आदल्या वर्षी अमेरिकन सरकारच्या खर्चाने तुर्कस्तान, भारत असा फिरून आला होता, मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर सतार ऐकत-वाजवत बसला होता. शीतयुद्ध चालू होतं आणि अमेरिका जगाला जॅझ दाखवत होती, स्वतःच्या दक्षिणेत मात्र काळ्या वादकाला हॉटेलात खोली मिळत नव्हती. आणि याच १९५९ मध्ये ऑर्नेट कोलमनने कॉर्ड्सच टाकून दिल्या, तिथून फ्री जॅझ.

फ्री जॅझ म्हणजे गोंगाट ना?

काही गोंगाट आहे. काही नाही. मला अजून अर्धंच झेपतं.

जॅझ आणि आपलं शास्त्रीय एकच असं म्हणतात, खरं का?

सोयीचं वाक्य आहे, पूर्ण खरं नाही. दोन्हीत आयत्या वेळचं रचणं आहे, आवर्तन आहे, समेसारखं परत येणं आहे. पण आपल्याकडे तानपुरा एका षड्जावर स्थिर आणि जॅझमध्ये पायाखालची जमीनच दर दोन-चार ठोक्यांनी सरकते, वादकाने तिच्यावर तोल सांभाळत चाल रचायची. यमन तासभर गाता येतो, त्यांचा सोलो तीन-चार मिनिटांत आटपतो. म्हणूनच दोघांचं मिश्रण करताना नेहमी गफलत होते, वरून सतार टाकली की झालं असं लोकांना वाटतं.

खरा ध्यास घेतलेला माणूस म्हणजे सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन. रविशंकरांकडून समजून घ्यायचा, मुलाचं नावसुद्धा रवी ठेवलं, १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली. १९६७ मध्ये चाळिशीतच गेला. सॉनी रोलिन्स तर साठच्या दशकाच्या शेवटी पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हा वाजवायला परत आला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर त्या मैफली व्हायच्या, जुने लोक अजून हळहळतात.

आणि जमलेलं मिश्रण हवं असेल तर शक्ती. जॉन मॅकलॉफलिन, झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम, सत्तरच्या दशकातला ग्रुप. तिथे दोन्ही बाजूंनी एकमेकांचं व्याकरण शिकून घेतलं होतं, म्हणून जमलं. पुढे २०२४ मध्ये शक्तीच्या नव्या संचाला ग्रॅमीही मिळालं, झाकीरभाई गेले त्याच वर्षी.

कुठून ऐकायला सुरुवात करू?

इतिहासाच्या क्रमाने अजिबात नको, १९२३ च्या खरखरीत रेकॉर्डने कोणी प्रेमात पडत नाही. आधी 'काइंड ऑफ ब्लू', रात्री, दिवे कमी करून. मग एला फिट्झजेराल्ड आणि आर्मस्ट्राँग एकत्र गातात ते. मग बिली हॉलिडे, मग एलिंग्टनचा १९४० च्या आसपासचा बँड, आणि कान बसला की पार्कर. आर्मस्ट्राँगच्या जुन्या रेकॉर्ड्स सगळ्यात शेवटी, तेव्हा कळतं की बाकीच्यांनी काय काय उचललंय.

कार्यक्रमाला गेलो तर टाळ्या कधी वाजवायच्या? मागच्या वेळी फजिती झाली.

आपल्याकडे दाद समेला जाते, तिथे एकाचा सोलो संपून दुसऱ्याचा सुरू होताना टाळ्या द्यायच्या, गाणं चालूच असतं. ठेक्यावर टाळी धरायची हौस असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर धरा, पहिल्या-तिसऱ्यावर धरलीत की ड्रमवाला तुमच्याकडे बघतो. आणि बासचा सोलो सुरू झाला की बाकीचे थांबतात, आवाज एकदम खाली येतो, लोकांना वाटतं मध्यंतर झालं आणि बिलासाठी वेटरला हाक मारतात. तेवढं करू नका.